हलगी तापेपर्यंत

हिंगोलीला कशाला गेला होतात, असं कुणी विचारलं की मी सांगते, कुस्तीला. मग लोक माझ्या गुडघ्यांकडे बघतात. कुस्ती माझी नव्हती, हा खुलासा केल्याशिवाय पुढे बोलताच येत नाही.

मी कोल्हापूरकडची निवृत्त व्यायामशिक्षिका. आमच्या गल्लीच्या टोकाला तालीम आहे. तालमीतल्या मुलींना बाहेरगावच्या मैदानाला न्यायचं असलं की सोबत एक बाई लागते, आणि ती बहुतेक वेळा मीच असते. या खेपेला मंजुळाला न्यायचं होतं. तिची-माझी ओळख या वर्षातलीच. मंजुळा सिद्दी, हल्याळची. हल्याळ म्हणजे बेळगावच्या खालचा जंगलाचा मुलूख. तिचे पूर्वज कैक पिढ्यांमागे आफ्रिकेतून इकडे आणले गेले आणि इथलेच होऊन गेले. ती घरी कोकणी बोलते, शाळेत कानडी शिकली आणि आमच्या तालमीत चार वर्षं काढून मराठी माझ्यापेक्षा फटकळ बोलते. केस दाट कुरळे, रंग काळाभोर, वय वीस.

निघण्याच्या आदल्या दिवशी वस्तादांनी मला बाजूला घेतलं. गेल्या वर्षी एका मैदानात लोकांनी मंजुळाच्या रंगावरून हुर्यो उडवली आणि ती कुस्ती सोडून बाहेर आली. त्यानंतर ती मॅटवरच्या स्पर्धा खेळते, पण मातीत उतरत नाही. आता एकदा उतरून बघते म्हणालीय. पुन्हा तसंच झालं तर मातीची कुस्ती कायमची बंद. कुठलं मैदान होतं ते, हे मी विचारलं नाही. असेल कुठेतरी लांबचं, असं धरून चालले. वस्तादांना मात्र छातीठोकपणे सांगितलं की मी बरोबर असताना असं काही होणार नाही. पस्तीस वर्षं मैदानं सांभाळलेल्या बाईला असं बोलायची सवय लागते.

कुरुंद्याच्या वाटेवर

रात्रभराच्या प्रवासाचं वर्णन करून तुमची पाठ दुखवत नाही. सकाळी वसमतला उतरलो आणि जीपमध्ये बसलो, तिथून सांगते.

आमच्याकडे या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात, इथे हळद आडवी येते. कुरुंद्याच्या अलीकडे-पलीकडे शेताशेतांत हळद शिजवायचं काम चालू होतं. मोठमोठ्या लोखंडी टाक्यांतून वाफ निघत होती आणि ओल्या, मातकट, थोड्या औषधी वासाने जीप भरून गेली होती. शिजलेली हळद वाळायला टाकलेली, रस्त्याच्या कडेपर्यंत. मंजुळाने जीप थांबवून एक कांडं उचललं, मोडून बघितलं, आतला केशरी रंग बोटांना लावून घेतला आणि म्हणाली, "बाई, हे माझ्या हातावर तुमच्यापेक्षा जास्त दिसतंय." खरंच दिसत होतं. ड्रायव्हर आरशातून तिच्याकडे टक लावून बघत होता, तेवढं सोडलं तर प्रवास मजेत झाला.

मैदान होतं कुरुंद्यापासून पुढच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनीच तशी विनंती केली आणि त्यांचं मीठ खाल्लंय.

वेशीत शिरताच फ्लेक्स दिसला. त्यावर मंजुळाचा पूर्ण उंचीचा फोटो आणि वर लिहिलेलं: 'जागतिक महिला कुस्ती. आफ्रिकेची वाघीण विरुद्ध साखऱ्याची रणरागिणी.' मोठ्या मैदानांना परदेशी पैलवान आणायची पद्धत आहेच. या गावाला ते परवडत नसावं, आणि वस्तादांनी पाठवलेला फोटो बघून कमिटीला आयती आफ्रिका मिळाली. मी तावातावाने जत्रा कमिटीच्या अध्यक्षांना गाठलं. बापूराव म्हणून सगळे त्यांना ओळखतात, गोड माणूस. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडून म्हणाले, "एक विनंती हाय ताई. मैदान होईस्तोवर पैलवानबाईनं मराठी बोलू नये. लोकायचा इरस होतो."

"मग काय बोलू?" मंजुळाने विचारलं. "आफ्रिकेचं मला येत न्हाई."

बापूराव इतके मनापासून हसले की मलाही रागावता येईना. निवेदक मैदानात खरं गाव सांगेल, एवढं कबूल करून घेतलं आणि आम्ही मुक्कामाला गेलो.

मुक्काम आधी बापूरावांच्या घरी ठरला होता. पण तिथे अचानक पाहुणे आले म्हणे, म्हणून वैशाली खिल्लारे यांच्याकडे सोय झाली. वैशालीताई गावच्या शाळेत शिक्षिका. बौद्ध वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं नेटकं घर, दारात जास्वंद. त्यांनी न्याहारीला सुशीला केली. चुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन पोह्यासारखा केलेला हा पदार्थ मी पहिल्यांदाच खाल्ला. नाव ऐकून मी त्यांना विचारलं की ही कुठली सुशीला, तर त्या म्हणाल्या, "कुणाला ठाऊक. असंल कुणाची तरी सासू." मंजुळाने तीन बशा खाल्ल्या. कुस्तीच्या दिवशी एवढं खायचं नसतं, हे मी सांगितलं, पण तोवर तिसरी बशी संपली होती.

मैदान

दुपारी तीनला मैदान भरलं. आमच्याकडे आखाड्याची माती लाल, ताक आणि तेल पाजलेली. इथे माती तशीच लाल, बाहेरून आणलेली, पण हळदीच्या बाबतीत हात एवढा सढळ की तिचा रंग विटकरीच्याही पुढे गेला होता. लोक गोल करून बसलेले, मागे ट्रॅक्टरवर, त्याच्या मागे झाडांवर. बायका एका बाजूला, बऱ्याच.

हलगी वाजवायला एकच माणूस, सटवाजी. सत्तरीचा, काटक, डोक्याला गुलाबी पटका. मी त्याच्या हातातल्या हलगीकडे बघतच राहिले, कारण ती कातड्याची होती. आमच्या भागात आता सगळीकडे फायबर. पाऊस असो, दव असो, फायबर सैल पडत नाही, वाजवत राहायचं. कातड्याची हलगी सैल पडली की आवाज बसतो, मग जाळावर धरून ती ताणून घ्यावी लागते. सटवाजीने त्यासाठी आखाड्यापासून थोडं लांब कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा छोटा जाळ करून ठेवला होता. फायबरची घे म्हणून कमिटी दोन वर्षं मागे लागलीय, पण म्हातारा ऐकत नाही, असं शेजारच्या बाईने मला सांगितलं.

निवेदकाने मंजुळाचं नाव पुकारलं आणि फ्लेक्सवरचंच वाचलं, आफ्रिकेची वाघीण. मी बापूरावांकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत होते.

समोर आली साखऱ्याची रुक्मिण. साखरा म्हणजे सेनगाव तालुका, तिकडची कोरडवाहू माळरानं. मेंढपाळाची मुलगी, मंजुळापेक्षा बुटकी, पण मांड्या अशा की माझ्यातली शिक्षिका खूश झाली. दोघींनी मातीला हात लावला, एकमेकींच्या हातावर माती दिली, आणि खडाखडी सुरू झाली.

पहिल्यांदा 'हुप' कुठून आलं ते कळलं नाही. या भागात हरभऱ्याच्या शेतात वानरं उतरतात आणि त्यांना चिडवायला पोरं असाच आवाज काढतात. एक हुप, मग दोन, मग झाडांवरून, मग ट्रॅक्टरवरून. थोड्याच वेळात त्यांना हलगीचा ठेका सापडला. हलगीच्या प्रत्येक थापेवर हुप, हुप, हुप. शेकडो माणसं एका तालात. पुढच्या ओळीतले म्हातारेसुद्धा हसत होते. कुणी काही फेकलं नाही, कुणी शिवी दिली नाही. सगळ्यांना नुसती मजा येत होती.

मंजुळा मागे सरकली. रुक्मिणने पकड सोडली होती, तिलाही काय करावं सुचेना. मंजुळा आखाड्याच्या कडेपर्यंत आली आणि तिने माझ्याकडे बघितलं. एक पाऊल बाहेर पडलं की संपलं, हे मला ठाऊक होतं, तिलाही. माझा हात गळ्याकडे गेला. पस्तीस वर्षं तिथे शिट्टी असायची. शिट्टी घरी, कुठल्या कप्प्यात तेही आठवत नव्हतं. मी ओरडले, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. वस्तादांना दिलेल्या शब्दाची किंमत तेवढीच होती.

तेवढ्यात हलगी थांबली.

सटवाजी पंचांना काहीतरी म्हणाला, हलगीवर बोट वाजवून दाखवलं आणि चालत जाळाकडे गेला. पंचांनी हात वर करून कुस्ती थांबवली. हलगीशिवाय कुस्ती लावायची नाही, हा इथला रिवाज, आणि तो मोडायची कुणाची छाती नाही. म्हातारा जाळाजवळ उकिडवा बसला. हलगी धरली, फिरवली, कान लावला, मान हलवली, पुन्हा धरली.

हुप-हुप चालू राहिलं, पण ठेका गेल्यावर ते विस्कटलं. इकडचे आधी, तिकडचे नंतर. एकेकट्याने ओरडताना माणसाला स्वतःचाच आवाज ऐकू येतो आणि जरा लाज वाटते, असं मला तेव्हा दिसलं. झाडावरचा एक जण बराच वेळ एकटाच ओरडत राहिला. मग शेजारच्याने त्याला गप्प बसवलं. बापूराव तरातरा जाळाकडे गेले. आटप, लोक खोळंबले, असं म्हणाले असावेत.

सटवाजीचं उत्तर आखाड्यापर्यंत ऐकू आलं. "कातडं हाय मालक. घाई केली की फाटतंय."

मैदान पूर्ण शांत झालं, लोक जांभया द्यायला लागले, तेव्हा म्हाताऱ्याने हलगी तापल्याचं जाहीर केलं. मंजुळा कडेला मातीत उभीच होती. बाहेर आली नव्हती.

पुढची कुस्ती मी कधी विसरणार नाही. एकीने पाय ओढायला एकेरी पट काढला की दुसरीचाही एकेरी पट; मंजुळाने दोनदा रुक्मिणला खाली घेतलं, दोन्ही वेळा रुक्मिण निसटली. शेवटी रुक्मिणने ढाक हा डाव मारला आणि मंजुळाची पाठ मातीला लागली, स्वच्छ, सगळ्यांना दिसेल अशी. हिंगोलीकरांनी आपल्या पोरीला डोक्यावर घेतलं. मंजुळा पाठीवरची हळदीची माती झटकत माझ्याकडे आली. ती हसत होती. "हरले ती कुस्तीत हरले, बाई," ती म्हणाली. मी तिथेच डोळे पुसले. पाठ लागलेल्या पैलवानासाठी आनंदाने रडणारी बाई त्या गावाने पहिल्यांदाच पाहिली असेल.

कोण ओरडलं

दुसऱ्या दिवशी सकाळी मला उत्सुकता गप्प बसू देईना. एवढी माणसं ओरडली, त्यातलं एक तरी भेटावं, आणि काहून ओरडलास बाबा, हे त्याला विचारावं, म्हणून मी गावात हिंडले.

चहाच्या टपरीवरचे म्हणाले, आमी न्हाई, मागचे होते, ट्रॅक्टरवरचे. ट्रॅक्टरवाले सापडले, ते म्हणाले, बाहेरगावची पोरं होती, झाडावरची. झाडावर बसलेला एक जण किराणा दुकानात भेटला. त्याने शपथ घेऊन सांगितलं की सुरुवात पुढून झाली, मानकऱ्यांच्या ओळीतून. पुढच्या ओळीतले एक गृहस्थ म्हणाले की हुर्यो झालीच नाही, लोक वाघिणीला जोश देत होते. दोन तासांत मी गावाला पूर्ण फेरी मारली आणि एकही ओरडणारा सापडला नाही. एका दिवसात गावाची आठवण अशी पुसली कशी जाते, याची मला मोठी गंमत वाटली. परतल्यावर आपल्या लोकांना हे रंगवून सांगायचं, असं ठरवूनही टाकलं.

सटवाजी त्याच्या अंगणात हलगीला तेल लावत बसला होता. मी त्याला सरळ विचारलं. भर दुपारचं ऊन होतं, उन्हात कातडं ताणलेलंच राहतं, मग हलगी सैल कशी पडली?

"पडली," तो म्हणाला.

मी हलेना, हे बघून त्याने फडकं खाली ठेवलं. "माझी हलगी कुस्तीची हाय, बाई. वानरं हाकलायची न्हाई. तिच्या तालावर कुणी कायबी करावं, हे मला पटत न्हाई." मग त्याने हलगी माझ्या हातात दिली आणि वाजवून बघा म्हणाला. माझी थाप फारच भिकार पडली, त्यावर तो खूश झाला.

जेवताना मी हे सगळं वैशालीताईंना सांगत होते. येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. मी म्हणाले, आमच्याकडे असं होत नाही हो, कुस्तीतलं कळणारा समाज आहे. त्या भाकरी थापत होत्या. मी विचारलं, गावातल्या पोरांच्या बाबतीत इथे असं कधी होतं का?

"आमच्या पोरायला कुणी हुप म्हणत न्हाई," त्या म्हणाल्या. "आधी आडनाव इचारतात. मग कुस्ती लावायचीच राहून जाते. हुर्यो करायची गरजच पडत न्हाई." भाकरी तव्यावर टाकून त्यांनी पाणी फिरवलं. "काल तुमाला ऐकू आलं, कारण ते मोठ्यानं होतं."

बापूरावांच्या घरचे अचानक आलेले पाहुणे मला तेव्हा आठवले; गावभर हिंडूनही ते कुठे दिसले नव्हते. मंजुळाने माझ्याकडे बघितलं आणि ठेच्याची वाटी पुढे सरकवली. मी तो जरा जास्तच घेतला, कारण डोळ्यात पाणी यायला काहीतरी निमित्त हवं होतं.

साखरा

रुक्मिणने आग्रहाने घरी बोलावलं होतं. तिसऱ्या दिवशी हिंगोलीहून निघालो, नरसी नामदेवला उतरलो, देवळात जाऊन आलो, रस्त्याकडेच्या दुकानात चहा घेतला. चहावाल्याने मंजुळाला हिंदीत विचारलं, कुठून आलात. ती मराठीत म्हणाली, साखऱ्याला चाललोय, जीप कधी येते? त्याने आधी जीपचं सांगितलं आणि मग दचकला.

साखऱ्याला मेंढ्यांच्या वाड्याजवळ घोंगडी अंथरून आमचं स्वागत झालं. शेळीच्या दुधाचा चहा, गूळ-शेंगदाणे. दोघी मुली लगेच ढाक कशी लागली ते बघायला मागच्या वावरात गेल्या. रुक्मिणचे वडील मारोतराव माझ्यासमोर बसले.

मग म्हणाले, "बाई, मीबी ओरडलो परवा."

मी चहाची कपबशी खाली ठेवली.

"पोरगी माघारी जाईल आन् आमचं लेकरू जिंकंल, असं वाटलं. सगळेच ओरडून राहिले होते, मीबी ओरडलो. रुक्मिण बोलून नाही राहिली माझ्यासंगं तवापासून." त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "तुमी सांगा त्या पोरीला. मला सांगवत न्हाई."

मी म्हणाले, तुम्हीच सांगा. ते उठले, वाड्यातलं एक कोकरू उचललं, वावराच्या बांधापर्यंत गेले, उभे राहिले, आणि मी बघत असतानाच मंजुळाशी बोलले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. मंजुळाने मान हलवली आणि कोकरू त्यांच्या हातातून स्वतःकडे घेतलं, एवढंच दिसलं. सगळ्या मैदानात ओरडल्याचं कबूल करणारा मला हा एकच माणूस भेटला आणि मला तो मनापासून आवडला.

परतीची गाडी

परतीच्या गाडीत मी फार खुशीत होते. मंजुळा पुन्हा मातीत उतरणार, हे तिने स्वतःच सांगून टाकलं होतं. मी तिला गावातल्या माझ्या फेरीची गंमत सांगितली, मागचे म्हणे पुढचे, पुढचे म्हणे झाडावरचे. तीही हसली. मग सहज विचारलं, गेल्या वर्षीचं ते मैदान कुठलं गं?

"आपल्याच तालुक्यातलं," ती म्हणाली. "तुमी होता की तिथं, बाई. स्टेजवर, पुढच्या रांगेत. फेटा बांधला होता तुमाला."

फेटा मला आठवला. भगवा होता आणि कानावर घसरत होता. शाल आठवली, हार आठवला, माझं भाषण आठवलं, जिलेबी गार होती तेही आठवलं. एका मुलीने कुस्ती अर्धवट सोडली, असंही अंधुक आठवलं. ऊन लागलं असेल, असं शेजारी कुणी म्हणालं होतं. ओरडा काही केल्या आठवेना.

"मी हसत होते का?" मी विचारलं.

"लांब होता तुमी. दिसलं न्हाई," ती म्हणाली. खरं बोलली की माझी पत राखली, मला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. मग तिने सांगितलं की पुढच्या महिन्यात तेच मैदान आहे आणि ती उतरणार आहे. "पण आपल्याकडची हलगी फायबरची, बाई. ती काय सैल पडायची न्हाई."

घरी आल्यावर मी त्या दिवशी स्टेजवर बसलेल्या चौघांना विचारलं. चौघेही म्हणाले, हुर्यो? आपल्याकडे? असतील कुणीतरी मागचे.

मैदानाचं निमंत्रण कालच आलं. पुढच्या रांगेत खुर्ची आहे. मी आज दिवसभर कपाटाचे कप्पे उपसले आणि संध्याकाळी शिट्टी सापडली. अंगणात जाऊन एकदा वाजवून बघितली. समोरची चार घरं दारात आली.